नावे सारखी, पदव्या वेगळ्या : बीबीए-बीएमएसचे महाविद्यालय निवडताना

मुंबईत विलेपार्ले पश्चिमेला श्री विले पार्ले केळवणी मंडळाच्या संस्था एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर उभ्या आहेत. त्यांपैकी नरसी मोनजी वाणिज्य व अर्थशास्त्र महाविद्यालय १९६४ साली सुरू झाले. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या नरसी मोनजी इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट स्टडीजला, म्हणजे 'एनएमआयएमएस'ला, २००३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. बारावीनंतर व्यवस्थापन शिकू इच्छिणाऱ्याला दोन्हीकडे तीन वर्षांची पदवी मिळू शकते. पाटीवर नाव एकच, मालक संस्था एकच, रिक्षावालाही दोन्ही ठिकाणांसाठी एकाच कोपऱ्यावर सोडतो. परंतु पहिल्या ठिकाणच्या पदवीवर मुंबई विद्यापीठाची मोहोर असते, दुसऱ्या ठिकाणी संस्थेची स्वतःची. प्रवेशाची वाट वेगळी, अभ्यासक्रम वेगळा आणि शुल्कातील अंतर तर काही पटींचे.

पुण्यातही हेच चित्र आहे. सेनापती बापट रस्त्यावरील सिंबायोसिस कला व वाणिज्य महाविद्यालय हे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न स्वायत्त महाविद्यालय आहे, तर विमाननगरमधील सिंबायोसिस सेंटर फॉर मॅनेजमेंट स्टडीज हा सिंबायोसिस अभिमत विद्यापीठाचा भाग आहे. 'सिंबायोसिसला मिळाले' एवढेच सांगणाऱ्या विद्यार्थ्याला नेमके कोणत्या सिंबायोसिसला, हे पुन्हा विचारावे लागते. त्यात एकाच नावाची केंद्रे नागपूर, नोएडा आणि बंगळुरूलाही आहेत.

बारावीच्या निकालानंतर बहुसंख्य घरांतून महाविद्यालयांची जी तुलना होते, ती नाव, इमारत आणि गेल्या वर्षीचा कटऑफ या तीन गोष्टींभोवतीच फिरते. वरवर सारख्या दिसणाऱ्या दोन महाविद्यालयांमधील खरा फरक मात्र माहितीपत्रकात सहसा छापलेला नसतो. तो शोधून काढावा लागतो आणि तो शोधण्याचे मार्ग फारसे अवघड नाहीत.

पदवी कोण देते?

सुरुवात तीन प्रश्नांनी करणे सोयीचे ठरते. पदवी कोण देते, अभ्यासक्रम कोण ठरवते आणि परीक्षा कोण घेते?

संलग्न महाविद्यालयात पदवी आणि अभ्यासक्रम दोन्ही विद्यापीठाचे असतात. ठाण्यातील आणि चर्चगेटमधील दोन संलग्न महाविद्यालयांत शिकणाऱ्यांच्या हातात अखेर एकाच विद्यापीठाचे, एकाच नमुन्याचे प्रमाणपत्र पडते. अशा दोन महाविद्यालयांत निवड करायची असेल, तर 'अभ्यासक्रम कुठला चांगला' हा प्रश्नच उद्भवत नाही. फरक फक्त शिकवणारे कोण, शेजारी बसणारे कोण आणि जाण्या-येण्याला किती वेळ लागतो, एवढाच उरतो. तरीही माहिती सभांमधून पालक अभ्यासक्रमाविषयीच सर्वाधिक प्रश्न विचारताना दिसतात.

स्वायत्त महाविद्यालयाची गोष्ट निराळी. तिथे अभ्यासक्रम आणि परीक्षा महाविद्यालयाच्या हाती असतात, पदवी मात्र मूळ विद्यापीठच देते. मुंबईचे सेंट झेवियर्स महाविद्यालय २०१० मध्ये स्वायत्त झाले आणि त्यानंतर शहरातील अनेक नामांकित महाविद्यालयांनी हीच वाट धरली. स्वायत्ततेचा फायदा असा, की बाजारात नवे काही आले तर विद्यापीठाच्या अभ्यासमंडळाची वाट न पाहता विषय बदलता येतो. तोटाही त्यातच दडलेला आहे. प्रश्नपत्रिका काढणारे, शिकवणारे आणि तपासणारे हात बहुधा एकाच इमारतीतले असतात. कुठे याचा परिणाम म्हणून परीक्षा अधिक कठोर होते, तर कुठे अधिक मवाळ. स्वायत्त महाविद्यालयाच्या मागील दोन-तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका मागून घेतल्या, तर याचा अंदाज अर्ध्या तासात येतो. हे कष्ट फार थोडे पालक घेतात.

अभिमत वा खासगी विद्यापीठात तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकच असते, ती संस्था. प्रवेशासाठी त्यांच्या स्वतःच्या परीक्षा आहेत. सिंबायोसिसची 'सेट', तर एनएमआयएमएसची 'एनपॅट'. या परीक्षांमधून एकापेक्षा अधिक शहरांतील केंद्रांसाठी प्रवेश होतात, हे लक्षात ठेवलेले बरे. मुंबई वा पुण्याच्या केंद्राची कीर्ती ऐकून अर्ज भरणारा विद्यार्थी दुसऱ्या शहरातील नव्या केंद्रात प्रवेश घेतो, तेव्हा त्याला नाव मिळते, पण त्या नावामागचे माजी विद्यार्थ्यांचे जाळे आणि उद्योगांशी जुळलेले संबंध त्याच प्रमाणात मिळतीलच असे नाही.

२०२४ नंतरचा नावांचा घोळ

मुंबई विद्यापीठाने बीएमएस, म्हणजे बॅचलर ऑफ मॅनेजमेंट स्टडीज हा अभ्यासक्रम १९९९ मध्ये सुरू केला. पुण्यात आणि राज्याच्या अन्य भागांत बीबीए हे नाव रुळले. दोहोंतील विषय पाहिले तर लेखाशास्त्र, विपणन, मनुष्यबळ, वित्त, व्यापारी कायदा, संख्याशास्त्र असे बरेचसे सारखे. पंचवीस वर्षे विद्यार्थ्यांना या नावांचा विशेष त्रास झाला नाही.

२०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने, म्हणजे 'एआयसीटीई'ने, बीबीए, बीएमएस आणि बीसीए हे अभ्यासक्रम आपल्या अखत्यारीत घेतले. महाविद्यालयांना परिषदेची मान्यता घेणे भाग पडले. पाठोपाठ राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाने २०२४ मध्ये या अभ्यासक्रमांसाठी प्रथमच सीईटी घेतली. शंभर प्रश्न, नव्वद मिनिटे, चुकीच्या उत्तराला गुणकपात नाही, असे तिचे स्वरूप होते. ही परीक्षा द्यावी लागते हेच असंख्य विद्यार्थ्यांना वेळेत कळले नाही. राज्यातील एकूण जागांच्या निम्म्याहूनही कमी विद्यार्थ्यांनी परीक्षा दिली आणि जागा रिकाम्या राहण्याची वेळ आल्याने त्याच वर्षी सीईटी दुसऱ्यांदा घ्यावी लागली.

दरम्यान मुंबईतील अनेक महाविद्यालयांनी वेगळाच मार्ग काढला. बीएमएसचे नाव बदलून ते बी.कॉम. मॅनेजमेंट स्टडीज असे केले. बी.कॉम. ही पदवी परिषदेच्या कक्षेत येत नाही, त्यामुळे मान्यतेची गरज उरली नाही आणि सीईटीचीही. प्रवेश पूर्वीप्रमाणे बारावीच्या गुणांवर अथवा महाविद्यालयाच्या स्वतःच्या चाचणीवर होऊ लागले. वर्गखोल्या आणि बहुतांश विषय तेच राहिले, प्रमाणपत्रावरील नाव तेवढे बदलले.

आता विद्यार्थ्यासमोर एकाच रस्त्यावरच्या दोन महाविद्यालयांत एकीकडे सीईटीने मिळणारे बीएमएस आणि दुसरीकडे सीईटीविना मिळणारे बी.कॉम. मॅनेजमेंट स्टडीज, असा पर्याय येतो. यांतील दर्जेदार कोणते, हा प्रश्न नावावरून सुटणारा नाही. परिषदेची मान्यता म्हणजे किमान सुविधा, अध्यापकसंख्या आणि जागांची मर्यादा यांबाबतची अट पूर्ण झाल्याचा दाखला. त्यावरून शिकवण्याचा दर्जा सिद्ध होत नाही. त्याचप्रमाणे नाव बदलून बी.कॉम. झालेला अभ्यासक्रम आपोआप कनिष्ठ ठरत नाही. शहरातील काही उत्तम वर्ग आज याच नावाखाली भरतात.

फरक पडतो तो पैशांच्या बाबतीत. व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठीच्या राज्य सरकारच्या शुल्क सवलती सामान्यतः मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाला आणि केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे 'कॅप'मधून, घेतलेल्या प्रवेशाला जोडलेल्या असतात. ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, त्याने प्रवेश निश्चित करण्यापूर्वी या महाविद्यालयातील या नेमक्या अभ्यासक्रमाला, या मार्गाने घेतलेल्या प्रवेशावर, कोणती शिष्यवृत्ती लागू आहे, हे कार्यालयातून लेखी विचारून घ्यावे. खिडकीवर तोंडी मिळालेले 'हो, मिळेल' पुढे कोणी मान्य करीत नाही.

साडेतीन लाख की चाळीस हजार?

समजा, डोंबिवलीत राहणाऱ्या एका विद्यार्थिनीला दोन ठिकाणी प्रवेश मिळतो आहे. एक संलग्न महाविद्यालय, वार्षिक शुल्क चाळीस हजार. दुसरे अभिमत विद्यापीठ, वार्षिक शुल्क साडेतीन लाख. हे आकडे हिशेबापुरते घेतलेले आहेत, पण अंतराचा अंदाज यावरून येतो. तीन वर्षांत पहिल्या ठिकाणी एक लाख वीस हजार, दुसऱ्या ठिकाणी साडेदहा लाख. फरक नऊ लाख तीस हजारांचा. दुसरे ठिकाण परगावी असेल, तर भाडे आणि खाणावळ वेगळी.

हा फरक योग्य की अयोग्य, हे त्या घराच्या पुढच्या बेतावर ठरते. व्यवस्थापनाची पहिली पदवी घेणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना पुढे एमबीए करायचे असते. तीन वर्षांत वाचलेल्या रकमेतून राज्यातील एखाद्या सरकारी व्यवस्थापन संस्थेतील एमबीएचे पूर्ण शुल्क भागू शकते. उलट पदवीवरच सारी बचत खर्च झाली, तर एमबीएसाठी कर्ज काढण्यावाचून मार्ग उरत नाही. पदवीनंतर थेट नोकरी किंवा घरचा व्यवसाय हा बेत पक्का असेल, तर महागड्या संस्थेतील ओळखी आणि उद्योगांशी असलेला संपर्क यांचे मोल वाढते. 'मुलाला चांगल्यातले चांगले द्यायचे' या भावनेपोटी हा हिशेबच न मांडणारी कुटुंबे कमी नाहीत आणि महागडी जाहिरात बेतलेली असते ती नेमकी याच भावनेवर.

कर्जच काढावे लागणार असेल, तर आणखी एक गोष्ट तपासावी. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत तारण आणि जामीनदाराविना शैक्षणिक कर्ज मिळते. आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आणि अन्य सरकारी शिष्यवृत्ती वा व्याज सवलत न घेणाऱ्या कुटुंबातील विद्यार्थ्याला दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर अभ्यासक्रमाच्या आणि परतफेडीपूर्वीच्या सवलतीच्या काळात ३ टक्के व्याज सवलतीची तरतूद तिच्यात आहे. परंतु ही योजना सरसकट सर्व संस्थांना लागू नाही. राष्ट्रीय मानांकनाच्या आधारे निवडलेल्या संस्थांच्या यादीपुरती ती मर्यादित आहे. दोन सारख्या वाटणाऱ्या महाविद्यालयांपैकी एक यादीत असून दुसरे नसेल, तर परतफेडीच्या हप्त्यात फरक पडतो.

वर्गात कोण उभे असते?

महाविद्यालयातील व्यवस्थापनाचे अभ्यासक्रम बहुतेक ठिकाणी विनाअनुदानित तत्त्वावर चालतात. नेहमीच्या अनुदानित बी.कॉम.च्या अध्यापकांचे वेतन सरकारकडून येते. बीएमएस वा बीबीएच्या अध्यापकांचे मानधन मात्र विद्यार्थ्यांच्या शुल्कातून द्यावे लागते. परिणामी अनेक महाविद्यालयांत हा विभाग एक समन्वयक, मोजके कंत्राटी अध्यापक आणि तासिका तत्त्वावर येणारे अभ्यागत प्राध्यापक यांच्या बळावर चालतो.

अभ्यागत प्राध्यापक म्हणजे दुय्यम, असे मानण्याचे कारण नाही. बँकेत पतविभाग सांभाळणारा अधिकारी शनिवारी येऊन कर्जप्रकरण कसे तपासतात हे शिकवतो, तेव्हा तो तास पुस्तकाच्या दहा प्रकरणांना भारी पडतो. अडचण वेगळी आहे. कार्यालयात तातडीची बैठक निघाली की तास रद्द होतो आणि सत्राच्या अखेरच्या पंधरवड्यात सकाळी सातपासून सलग तास भरवून तो भरून काढला जातो. शंका विचारायला दुसऱ्या दिवशी हा प्राध्यापक भेटत नाही. शिफारसपत्र हवे असेल, तेव्हा तर तो महाविद्यालय सोडून गेलेला असतो.

हे तपासण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे सत्र चालू असताना एखाद्या साध्या बुधवारी महाविद्यालयात जाणे. माहिती सभेच्या दिवशी सारेच नीटनेटके असते. सूचनाफलकावरील वेळापत्रक वाचावे. त्यातील नावे संकेतस्थळावरील पूर्णवेळ अध्यापकांच्या यादीशी ताडून पाहावीत. वेळापत्रकातील निम्मी नावे यादीत नसतील, तर कोण शिकवते याचे उत्तर मिळाले. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर गाठून गेल्या आठवड्यात किती तास झाले आणि किती बुडाले, एवढे विचारले, तरी बरेच कळते. तिसऱ्या वर्षाच्या मुलांपेक्षा दुसऱ्या वर्षाची मुले अधिक मोकळेपणाने बोलतात, हा अनेक पालकांचा अनुभव.

इंटर्नशिपबाबतही असाच एक प्रश्न विचारण्याजोगा आहे. ती महाविद्यालय मिळवून देते, की विद्यार्थ्याने स्वतः शोधून केवळ प्रमाणपत्र आणून द्यायचे? दुसरा प्रकार सर्रास आढळतो. काकांच्या दुकानाचे अक्षरशीर्ष वापरून सहा आठवड्यांचा अनुभव कागदावर उभा राहतो आणि परीक्षकही तो न वाचताच गुण देतो.

सरासरी पगाराची गंमत

'सरासरी वेतन साडेचार लाख, सर्वोच्च चोवीस लाख' अशा ओळी माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर मोठ्या टंकात असतात. त्यामागील गणित पाहण्यासारखे आहे. वीस विद्यार्थ्यांना नोकऱ्या मिळाल्या असे धरू. सोळा जणांना वर्षाला तीन लाख, तिघांना सहा लाख आणि एकाला चोवीस लाख. एकूण रक्कम नव्वद लाख, सरासरी साडेचार लाख. प्रत्यक्षात साडेचार लाख पगार कोणालाच मिळालेला नाही आणि वीसपैकी सोळा जण त्या आकड्याच्या बरेच खाली आहेत. विद्यार्थ्यांना पगाराच्या क्रमाने उभे केले तर मधोमध जो येतो त्याचा पगार, म्हणजे मध्यक, तीन लाख निघतो. आपल्या मुलाच्या वाट्याला काय येण्याचा संभव आहे, हे सांगणारा आकडा हा आहे.

दुसरी मेख टक्केवारीत असते. 'नव्वद टक्के विद्यार्थ्यांना नोकऱ्या' याचा अर्थ वर्गातील नव्वद टक्के असा बहुधा नसतो. ज्यांनी नोकरीसाठी नाव नोंदवले, त्यांच्यातील नव्वद टक्के असा असतो. १२० जणांच्या वर्गात ५० जणांनीच नाव नोंदवले आणि ४५ जणांना नोकरी मिळाली, तरी ९० टक्के भरतात. वर्गाच्या हिशेबाने हे प्रमाण ३७.५ टक्के. उरलेले ७५ जण उच्च शिक्षणाला गेले, घरच्या व्यवसायात गेले की नुसते घरी बसले, हे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

खरे आकडे मिळवण्याची एक चांगली सोय उपलब्ध आहे आणि तिची फारशी माहिती पालकांना नसते. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय संस्थात्मक मानांकन आराखड्यात, म्हणजे 'एनआयआरएफ'मध्ये, भाग घेणाऱ्या संस्थेने जी माहिती सादर केली, ती तिला आपल्या संकेतस्थळावरही ठेवावी लागते. त्या तक्त्यात तीन वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमाला किती विद्यार्थी दाखल झाले, किती जण ठरलेल्या मुदतीत उत्तीर्ण झाले, किती जणांना नोकरी लागली, किती जण उच्च शिक्षणाला गेले आणि पगाराचा मध्यक किती, हे सारे नोंदलेले असते. अध्यापकांची यादी, त्यांची पात्रता आणि अनुभवही तिथेच सापडतो. एक पथ्य पाळावे लागते. महाविद्यालयात कला, वाणिज्य, विज्ञान अशा सर्व शाखा असतील, तर हा तक्ता सर्वांचा एकत्रित असतो, केवळ व्यवस्थापन विभागाचा नाही. तरीही माहितीपत्रकातील आकडा आणि सरकारला दिलेला आकडा शेजारी ठेवून पाहिल्यास संस्थेच्या प्रामाणिकपणाविषयी बरेच काही उमगते. 'एआयसीटीई'ची मान्यता असलेल्या संस्थांना शुल्क, अध्यापक आणि सुविधा यांचे अनिवार्य प्रकटीकरणही संकेतस्थळावर द्यावे लागते.

कटऑफ वाचण्याची रीत

कटऑफवरून महाविद्यालयाचा दर्जा ठरवण्याची सवय मुंबईकरांच्या अंगवळणी पडली आहे. त्यात थोडे तथ्यही आहे, कारण शेजारी बसणारे विद्यार्थी कसे असतील याचा तो अंदाज देतो. मात्र मुंबईतील अनेक नामांकित महाविद्यालये अल्पसंख्याक संस्थांची आहेत. कुठे गुजराती भाषकांसाठी, कुठे सिंधी भाषकांसाठी, कुठे ख्रिस्ती समाजासाठी जागा राखीव असतात. संस्थांतर्गत आणि व्यवस्थापन कोटा निराळा. मराठी घरातील विद्यार्थ्यासाठी खुल्या राहणाऱ्या जागा एकूण संख्येपेक्षा पुष्कळ कमी असतात आणि तेथील कटऑफ त्यामुळेच अधिक चढतो. ९४ टक्क्यांना बंद झालेली यादी म्हणजे अख्खा वर्ग ९४ टक्क्यांवरचा, असा अर्थ काढणे चुकीचे ठरते. शाखानिहाय याद्याही स्वतंत्र लागतात, तेव्हा कला शाखेच्या विद्यार्थ्याने वाणिज्यची यादी पाहून नाउमेद होऊ नये.

राज्याबाहेर नजर टाकणाऱ्यांसाठी दिल्ली विद्यापीठाचे, १९८७ साली स्थापन झालेले शहीद सुखदेव कॉलेज ऑफ बिझनेस स्टडीज हा नामवंत आणि तुलनेने स्वस्त पर्याय आहे. २०२२ पासून तेथील प्रवेश 'सीयूईटी'च्या गुणांवर होतात. तेथील बीएमएससाठी या परीक्षेत गणित द्यावे लागते. आपल्याकडे अकरावी वाणिज्यला गणिताऐवजी एस.पी. घेण्याचा प्रघात आहे. तो निर्णय सोळाव्या वर्षी सोय म्हणून घेतला जातो आणि दोन वर्षांनी असा आड येतो. इंदूरच्या आयआयएमने २०११ मध्ये सुरू केलेला पाच वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रमही आहे, पण त्याची परीक्षा आणि खर्च ही वेगळी कथा.

दोन बऱ्याच अंशी सारख्या महाविद्यालयांत निवड अडली असेल, तर लोकलचा प्रवासही तराजूत टाकावा. रोज जाऊन-येऊन तीन तास प्रवास करणारा विद्यार्थी तीन वर्षांत जे गमावतो, ते वाचनालयाच्या नव्या इमारतीने भरून निघत नाही. महाविद्यालयीन महोत्सवांची उपेक्षा मात्र करू नये. झेवियर्सचा 'मल्हार', मिठीबाईचा 'क्षितिज', नरसी मोनजीचा 'उमंग' यांसारख्या महोत्सवांसाठी प्रायोजक मिळवणारी मुले विक्री आणि वाटाघाटींचे जे धडे गिरवतात, ते विपणनाच्या पेपरात नसतात.

तीन वर्षांनंतर

पुढच्या शिक्षणाच्या दारात पदवीचे नाव फार क्वचित विचारले जाते. 'कॅट'साठी कोणत्याही शाखेची पदवी आणि ५० टक्के गुण पुरतात, अनुसूचित जाती, जमाती व दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी ४५ टक्के. राज्याच्या एमबीए सीईटीलाही कोणतीही पदवी चालते. बीबीए की बीएमएस की बी.कॉम., याने तिथे काही बिघडत नाही. पदवीचे गुण मात्र आयआयएमच्या निवडप्रक्रियेत अनेक ठिकाणी मोजले जातात. तेव्हा जिथे नियमित अभ्यास होईल आणि गुण टिकतील, असे महाविद्यालय हे कधीकधी मोठ्या नावापेक्षा हिताचे असते.

सनदी लेखापाल होण्याचा विचार असेल, तर पदवीनंतर थेट प्रवेशासाठी वाणिज्य पदवीधराला ५५ टक्के आणि इतरांना ६० टक्के गुणांची अट आहे. वाणिज्य पदवीधर म्हणून गणना होण्यासाठी लेखाशास्त्र, कायदा, करआकारणी, अर्थशास्त्र, व्यवस्थापन अशा विषयांचे किमान तीन पूर्ण पेपर असावे लागतात. आपल्या अभ्यासक्रमात ते आहेत का, हे पहिल्या वर्षीच पाहून ठेवावे.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातील स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून चार वर्षांच्या ऑनर्स पदवीची रचना आली. तीन वर्षांनी १२० श्रेयांकांसह पदवी घेऊन बाहेर पडता येते, चौथ्या वर्षाअखेर किमान १६० श्रेयांकांसह ऑनर्स मिळते. परदेशी उच्च शिक्षणाचा बेत असणाऱ्यांना चौथे वर्ष उपयोगी पडू शकते. पण ते वर्ष याच महाविद्यालयात चालणार आहे का, त्याला पुरेसे अध्यापक आहेत का, याची चौकशी प्रवेशाच्या वेळीच केलेली बरी. माहितीपत्रकात चार वर्षांचा तक्ता आणि प्रत्यक्षात तीनच वर्षांची तयारी, असेही घडू शकते.

सर्वांत कठीण प्रसंग मात्र प्रवेशाच्या आधीच येतो. खासगी आणि अभिमत विद्यापीठांचे निकाल लवकर लागतात आणि पहिला हप्ता भरण्याची मुदत राज्याच्या 'कॅप' फेऱ्यांच्या आधी संपते. हातची जागा जाईल या धास्तीने पालक दीड-दोन लाख भरून टाकतात आणि पुढे हव्या त्या महाविद्यालयात नाव लागले, की पैसे अडकल्यामुळे मुलाला नको असलेल्या ठिकाणीच ठेवतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेनुसार, प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या पंधरा दिवस आधी अथवा त्यापूर्वी प्रवेश रद्द केल्यास मर्यादित प्रक्रिया शुल्क वजा करून शुल्क परत करावे लागते. त्यानंतर अंतिम तारखेपर्यंत ९० टक्के, तारखेनंतरच्या पंधरा दिवसांत ८० टक्के आणि तिसाव्या दिवसापर्यंत ५० टक्के परत मिळतात. तीस दिवस उलटले की काहीच नाही. मूळ गुणपत्रिका वा शाळा सोडल्याचा दाखला संस्थेला अडवून ठेवता येत नाही. आयोग काही वर्षी याहून उदार मुदतही जाहीर करतो. २०२४-२५ साठी ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत प्रवेश रद्द करणाऱ्यास पूर्ण शुल्क परत देण्याचे निर्देश होते. त्यामुळे पहिला हप्ता भरण्यापूर्वी संस्थेची अंतिम प्रवेश तारीख आणि परताव्याचे नियम छापील स्वरूपात मागून घ्यावेत, प्रवेश रद्द करण्याचा अर्ज ई-मेलने पाठवून त्याची पोच जपून ठेवावी आणि पैसे भरल्याच्या पावतीवर 'परत न मिळणारे' असा शिक्का असेल, तर आयोगाच्या तक्रार निवारण संकेतस्थळावर दाद मागावी.